वरची खोली दुरुस्तीसाठी बंद

१२ फेब्रुवारी

छोट्या,

फोनवर अभिनंदन करायला गेले तर "मीटिंगमध्ये आहे ताई" म्हणून ठेवून दिलास. म्हणून हा कागद. कागदाला मीटिंग नसते.

कायदा झाला! काल जिन्यात नुसता दंगा होता. शिंपीणकाकूंनी मशीन थांबवलं, म्हणजे बघ. आई मजल्यामजल्यावर जाऊन सांगत होती की कायदा तिच्या मुलाने लिहिला. मी म्हटलं, "अगं, खूप जणांनी मिळून लिहिलाय." तर म्हणते, "असतील, पण अक्षर त्याचंच." छापील कायद्यात अक्षर कुठून येणार! पण खोटं कशाला बोलू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं आपल्यासारख्या संस्था, नफा न घेता भाड्याने खोल्या देणाऱ्या, कोणाच्या तरी मर्जीवर चालायच्या. साहेब बदलला की अनुदान बंद. आता हक्काने मागता येईल. भाडेकरूला बाहेर काढायचं तर कारण द्यावं लागेल. आणि नदीपलीकडच्या संस्थेच्या अध्यक्षांनी "दुरुस्तीसाठी बंद" म्हणून दाखवून ज्या खोल्यांमध्ये स्वतःचे भाचे घुसवलेत, त्यांचंही पितळ उघडं पडेल. पडू दे.

आता मुद्द्याचं. मी प्रत मागवली, चष्मा लावून सगळी वाचली. आपली ओळ सापडत नाही. रिकाम्या खोल्यांचं कलम आहे: रिकामी झालेली प्रत्येक खोली सरकारी यादीतल्या पहिल्या कुटुंबाला द्यायची. बरोबरच आहे ते. पण त्याखाली आपला अपवाद यायचा होता ना? मागच्या वर्षी ओट्याला टेकून चहा ढवळत तूच म्हणाला होतास, "ताई, वरची खोली कशी चालते ते मला नीट सांग, मी एक ओळ टाकतो." म्हणून मी सांगितलं. संस्थेबाहेर कोणालाही सांगितलेलं नाही, फक्त तुला. तुला बाहेरचा तरी कसं म्हणू? तू त्याच खोलीतून आत आलास, आईच्या खांद्यावर, तापाने फणफणलेला. मी तिचा पदर धरून मागे. बाप काय करायचा ते तुला आठवत नाही. बरं आहे.

परत एकदा सांगून ठेवते, कारण मोठ्या टेबलावर बसलं की लहान खोल्या विसरायला होतात. टाकीशेजारची खोली. बाहेरून कुलूप नाही, आतून कडी. अंथरूण कायम स्वच्छ, ते काकू बघतात. घर सोडून आलेली बाई वर जाते, कडी लावते, झोपते. पहिल्या दिवशी कोणी काही विचारायचं नाही, चहा द्यायचा आणि दार लोटून घ्यायचं. कागदावर आपण दरवर्षी लिहितो, "भिंतीला ओल." आख्ख्या इमारतीत तितकी कोरडी भिंत दुसरी नाही! यादीत नाव लावून, नंबर येईपर्यंत थांबून कोणी मार खात नाही रे. म्हणून ती खोली यादीबाहेर.

ओळ कुठल्या पानावर आहे तेवढं कळव. माझीच नजर चुकली असेल.

ताई

९ मार्च

छोट्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच म्हणायची, पत्र म्हणायला निदान पान तरी भरावं लागतं. "नियम अजून व्हायचे आहेत. सध्या याविषयी कोणाशी बोलू नकोस." कोणाशी म्हणजे? मी बोलले ती फक्त तुझ्याशी.

इथे तुझ्या कायद्याचं कौतुक चाललंय, तेही ऐक. गच्चीच्या दुरुस्तीचं अनुदान मंजूर झालं, एका अर्जात! गवंडी येऊन माप घेऊन गेला. मी त्याच्यामागे मागे फिरत होते, तो म्हणाला, "मावशी, गच्ची कुठे पळून जात नाही." पण माझा विश्वास बसायला नको?

आता नव्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी करायची आहे. त्यात विचारलंय, रिकाम्या खोल्या किती आणि कशामुळे. खरं लिहिलं तर खोली जाते. खोटं लिहिलं तर तुझ्या कायद्याने तो गुन्हा. आजवर कोणी विचारतच नव्हतं, त्यामुळे खोटंही अंगाला लागत नव्हतं. आता काय लिहू? एका शब्दात सांग. मुदत संपत आली आहे. फोन उचल नाहीतर कागद पाठव, पण काहीतरी बोल बाबा.

वहिनीला सांग, तिने पाठवलेली शाल आई उन्हातसुद्धा अंगावरून काढत नाही.

ताई

२ एप्रिल

भाऊसाहेब,

तू उत्तर पाठवलं नाहीस. शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघितली आणि मग "भिंतीला ओल" असंच लिहिलं. तू नको म्हणाला नव्हतास. मी त्याचा अर्थ लावला की तू सांभाळून घेशील. अशी मी!

काल तुमच्या नियामक कार्यालयातून तपासनीस बाई आल्या. आधी कळवायचं नाही असा नियमच आहे म्हणे. मी पंपाच्या खोलीत हात काळे करून बसले होते. बाई एकट्या, हातात बॅग, घामाघूम. ऑफिस कुठे ते न कळल्यामुळे थेट जिना चढून वर गेल्या. आणि वर नेमक्या काकू, अभ्रे वाळत घालत.

एकटी बाई, बॅग घेऊन, धापा टाकत वर येते आणि दारांकडे बघत उभी राहते. काकूंना दुसरं काय वाटणार? त्यांनी काहीएक विचारलं नाही. हात धरून वरच्या खोलीत नेलं, गादीवर बसवलं, पंखा लावला, चहा आणला. "बस बाई. तुझ्या मागे इथे कोणी येणार नाही. मी गेले की आतून कडी लाव," म्हणाल्या.

मी धावत पोचले तेव्हा कप रिकामा झाला होता. बाई ओळखपत्र हातात धरून बसल्या होत्या, दाखवावं की पर्समध्ये परत टाकावं अशा. आणि काकू त्यांची समजूत काढत होत्या, "कागदबिगद राहू दे गं, उद्या बघू." मला हसू की रडू कळेना.

मी आपलं ओलीचं पुराण सुरू केलं. बाईंनी भिंतीला हात लावला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "उगाच त्रास घेऊ नका. मला वरूनच सांगून पाठवलंय, टाकीशेजारची खोली बघून या म्हणून. भिंत कोरडी आहे, बाहेरून कुलूप नाही, आतून कडी आहे, हेसुद्धा."

आतून कडी आहे हे इथल्या भाडेकरूंना माहीत आहे, तिथे राहून गेलेल्या बायकांना माहीत आहे, आणि तुला. ती कशी सरकते ते मी तुला ओट्यापाशी हाताने करून दाखवलं होतं.

खाली आलो तर आई दारात. बाईंना म्हणाली, "माझा मुलगा तुमच्याच ऑफिसात आहे. खोलीचं काही अडलं तर त्याला विचारा, तो सगळं सांगेल." बाईंनी मान खाली घातली. "सांगितलंय त्यांनी, आजी," म्हणाल्या. आई इतकी खूश झाली की तिने त्यांना आणखी एक चहा घ्यायला लावला.

केसाने गळा कापलास रे. परक्याने कापला असता तर मी आरडाओरडा केला असता. तुझ्यासाठी तर आईसमोर तोंड मिटून बसावं लागतंय.

ताई

२० एप्रिल

भाऊसाहेब,

चार पानी पत्र मिळालं. टाईप केलेलं! बहिणीला टाईप केलेलं पत्र लिहिणारा आपल्या घरात तूच पहिला. खाली सही करायला मात्र विसरला नाहीस.

तू लिहितोस, एका खोलीला सूट दिली असती तर उद्या प्रत्येक संस्थेने एकेक खोली अशीच दाबून ठेवली असती आणि त्यात भाचे झोपले असते. पटलं. खरंच पटलं, वाद घालत नाही. मी तिथे बसले असते तर कदाचित मलाही ती ओळ टाकता आली नसती. मग एक फोन करायचास. "ताई, जमलं नाही, खोली आवर." मी चार शिव्या घातल्या असत्या, दोन दिवस अबोला धरला असता, आणि विसरले असते. तुझ्यावर मी किती दिवस रागावून राहू शकते हे तुला चांगलं ठाऊक आहे.

पण तू नियम ठरवणाऱ्या समितीसमोर उभा राहून आमची खोली उदाहरण म्हणून मांडलीस. "हेतू चांगला असला तरी खोटी कारणं कशी दिली जातात" त्याचं उदाहरण. भाच्यांची खोली नाही सांगितलीस. का? तर त्या अध्यक्षांनी कोर्टात खेचलं असतं. आणि ताई कोर्टात जात नाही.

तिसऱ्या पानावर तळाशी एक वाक्य आहे, तिथे मी थांबले. "माझी सख्खी बहीण तिथे व्यवस्थापक असल्याने हितसंबंध जाहीर करणं मला भाग होतं." म्हणजे असं आहे होय! उद्या कोणाला कळलं असतं की कायदा लिहिणाऱ्याच्या बहिणीच्याच संस्थेत लपवलेली खोली आहे, तर तुझी खुर्ची गेली असती. म्हणून आग लागायच्या आत तू आपलं सामान बाहेर काढून घेतलंस. आणि आत कोण आहे ते बघितलं नाहीस. आत आपणच होतो रे, छोट्या. आई, मी आणि तू.

तपासणीनंतर तुमच्या कार्यालयाचा आदेश आला, या वेळी ताकीद देऊन सोडतो, खोली यादीला द्या; त्याप्रमाणे खोली दिली. बसचालक होते, आता निवृत्त, आणि त्यांची बायको. यादीत पहिले. इतकी वर्षं कोणाच्या तरी पडवीत संसार केलेला. खोली बघून ती माउली भिंतीवरून हात फिरवत राहिली आणि मला म्हणाली, "किती कोरडी आहे हो!" तिच्यावर कसा राग काढू? तुझी यादी प्रामाणिक आहे, हेही लिहून ठेवते. काकूंनी स्वतःच अंथरूण उचलून खाली नेलं. मला हात लावू दिला नाही.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

ताई

६ जून

मायना सुचत नाही, तो सोडून देते.

परवा भरदुपारी एक आली. मुलगी कडेवर, मुलीच्या एकाच पायात चप्पल. आधी इथे राहून गेलेल्या कोणीतरी सांगितलं होतं तिला: वर जा, टाकीशेजारी, कोणी काही विचारत नाही. ती वर गेली. दाराबाहेर पुरुषाच्या चपला दिसल्या. ती तशीच मागे फिरून खाली आली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिली.

मी सरकारी मदतीचा फोन लावला. वय विचारलं, पत्ता विचारला, नवऱ्याचं नाव, तक्रार केली आहे का, नसेल तर का नाही. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं नाही. पलीकडची मुलगी बिचारी सभ्य होती, म्हणाली, उद्या जागा बघून कळवते. उद्या! मी माझ्या घरात ठेवणार होते, पण तुझ्या आदेशातली शेवटची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. "व्यवस्थापकाने स्वतःच्या निवासात अथवा कार्यालयात कोणासही वास्तव्यास ठेवू नये, तसे आढळल्यास नोंदणी रद्द करण्यात येईल." नोंदणी गेली की अनुदान गेलं, अनुदान गेलं की अर्धवट उघडलेली गच्ची तशीच, आणि खाली इतकी बिऱ्हाडं. ती ओळ दुसऱ्या कोणाला सुचलीच नसती. कार्यालयात मला ओळखणारा एकटा तू आहेस.

संध्याकाळपर्यंत ती बसली. मुलगी घरी जाऊ म्हणून रडायला लागली. मग ती उठली, मलाच म्हणाली, "राहू दे ताई, तुम्हाला अडचण नको," आणि गेली. त्याच घरी. काकू कोपऱ्यापर्यंत तिच्या मागे गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. तिचं पुढे काय झालं आम्हाला माहीत नाही. नावही माहीत नाही, आपण विचारत नाही ना.

एकच चप्पल होती रे पायात. तुलाही आईने तसंच आणलं होतं, एका पायात मोजा नव्हता. मी ते कधी बोलले नव्हते, कारण त्यात बोलण्यासारखं काय आहे? आज बोलते.

बसचालकांच्या बायकोला दुसऱ्या दिवशी कळलं. ती तणतणत माझ्या दारात आली. "आम्हाला हाक का मारली नाही? आम्ही दोनच माणसं. पाहुणी येते तर तिला काय दारात बसवायचं?" मी म्हटलं, तुम्हाला कशाला अडचणीत घालू? तर म्हणाली, "आमच्या पाहुणीचं तुम्हाला काय करायचंय?" माझ्यावर कोणी इतकं चिडलेलं मला बरं वाटलं, असं याआधी कधी झालं नव्हतं.

हे तुला का लिहिते? सवय. लहानपणापासून जे काही झालं ते तुला सांगायची सवय. ती मोडायला हवी.

१ जुलै

प्रति,
माननीय नियमावली अधिकारी,
नियामक कार्यालय

महोदय,

आपलं पत्र मिळालं. ते हाताने लिहिलेलं आहे, याची नोंद घेतली. त्यात आपण लिहिता की त्या बाईचं वाचून आपल्याला झोप लागली नाही. नियम अजून खुले आहेत. "निवाऱ्याच्या खोली"चा नियम घालता येईल. तेव्हा ताईने सगळं पुन्हा नीट लिहून द्यावं, कोण येतं, कशी येतं, किती राहतं, म्हणजे आपण ते व्यवस्थित बसवाल.

आपलं पत्र मी जिन्यात सगळ्या भाडेकरूंसमोर वाचून दाखवलं. आईला तेवढा वेळ काकूंच्या मुलीकडे बसवलं होतं. काकू म्हणाल्या, "परत सांगायचं? एकदा सांगून बघितलं ना?" मी सांगितलं की मागच्या वेळी मी कानात सांगितलं, ती चूक झाली. या वेळी चव्हाट्यावर सांगू. म्हणून ही सूचना सर्व भाडेकरूंच्या सहीने पाठवत आहे, आणि हीच सूचना तुमच्या वरिष्ठांना, समितीच्या प्रत्येक सभासदाला आणि इतर सर्व संस्थांना पाठवली आहे. नदीपलीकडच्या संस्थेलासुद्धा. आता ती कोणाची एकट्याची राहिलेली नाही, त्यामुळे आपल्याला ती जपून ठेवण्याचे कष्ट पडणार नाहीत.

सूचना अशी: प्रत्येक संस्थेला एक खोली यादीबाहेर ठेवता यावी. तिला बाहेरून कुलूप नसावं, आतून कडी असावी. कोणाच्या नात्यातलं माणूस तिथे राहू नये. हे तपासायला तपासनीस कधीही, न कळवता यावेत, आणि त्यांना चहा मिळेल. तिथे येणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी काहीही विचारू नये, सरकारनेही नाही. कार्यालयाने खोल्या मोजाव्यात, बायका मोजू नयेत. आणि त्या खोलीपुढे खरं कारण लिहिण्याची सोय असावी. ओलीचं नाव घेऊन आम्हीही कंटाळलो आहोत.

"सध्या तिथे अशी कोणी आली आहे का?" असंही आपण पत्राच्या शेवटी विचारलं आहे. काळजीने विचारलं असेल. व्यवस्थापकाच्या घरात आणि कार्यालयात कोणीही नाही. आपल्या आदेशाचं पालन होत आहे. भाडेकरूंकडे येणाऱ्या पाहुण्यांबद्दल कायदा काही म्हणत नाही, मी तो पुन्हा एकदा चष्मा लावून वाचला आहे. त्यापुढे या प्रश्नाचं उत्तर संस्था देणार नाही.

उत्तर संस्थेच्या पत्त्यावर पाठवावं. घरचा पत्ता आपल्याकडे आहे, तो कृपया वापरू नये.

आपली,
व्यवस्थापक

ता. क. पाकिटावर पत्ता लिहिताना आईने विचारलं, "छोट्याला का गं?" मी म्हटलं, "नाही, सरकारला." ती म्हणाली, "मग त्याला वेगळं लिही. माझा आशीर्वाद कळव, आणि म्हणावं जेवत जा वेळेवर."

वेगळं पत्र मी लिहिलेलं नाही.